पुनःप्रक्षेपण

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. पुठ्ठ्याचा एक कोपरा फाटलाय, पण शिवण शाबूत आहे. पहिल्या पानावर निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत 'जहाज' असं लिहिलंय आणि खाली 'जून १९९२'. आत एकसष्ट गोष्टी आहेत. प्रत्येकीला आकडा, मी ठेवलेलं नाव, आणि त्याखाली पाच-सहा ओळी: काय झालं, कोण वाचलं, स्पॉक काय बोलला. 'केसाळ गोळे', 'दोन कॅप्टन', 'आरशातलं जहाज', 'अर्धे काळे अर्धे गोरे', 'दगडाची आई'. खरी नावं पडद्यावर यायची, पण त्यांतली कितीतरी मला कळायची नाहीत. काही तर शेक्सपिअरच्या ओळी होत्या, आणि मी सहावीत होते.

ही मालिका म्हणजे अवकाशात ग्रहोग्रही फिरणाऱ्या जहाजाची, १९६६ ची जुनी अमेरिकन 'स्टार ट्रेक'. उपग्रह वाहिन्या नुकत्या घरात यायला लागल्या होत्या, त्यातल्या एका इंग्रजी वाहिनीवर सकाळी दहाला लागायची. माझी शाळा दुपारची. बाबांची रात्रपाळी असली की तेही त्या वेळी घरी असायचे, डोळे मिटून खुर्चीत बसलेले, पण झोपलेले नसायचे. जहाजाच्या दाराचा तो 'श्श्श' आवाज आला की डोळे न उघडताच विचारायचे, "आज कुठल्या ग्रहावर?"

वर्तमानपत्रातल्या कार्यक्रमांच्या रकान्यात नावापुढे 'पुनःप्रक्षेपण' असं छापलेलं असायचं. मला तो शब्द अडला. मी बाबांना विचारलं, "प्रक्षेपण म्हणजे रॉकेट सोडतात तेच ना?"

"तेही, आणि टीव्हीवर कार्यक्रम दाखवतात तेही."

"मग हे जहाज परत परत सोडतात?"

"हो, तसंच समज," बाबा म्हणाले.

मी तसंच समजले. मालिका संपून तेवीस वर्षं झाली आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं. रोज सकाळी कुणीतरी ते जहाज नव्याने आकाशात सोडतं आणि ते आमच्या गच्चीवरच्या छत्रीत उतरतं, असं मी धरून चालले होते. आज एवढ्या वर्षांनी सांगते, त्या समजुतीत जेवढं खरं होतं तेवढं मोठेपणी वाचलेल्या फार थोड्या गोष्टींत सापडलं. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी छत्री. बाबांनी आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी मिळून ती बसवली होती. दहा फुटांची, जाळीची, मधोमध तीन दांड्यांवर तोललेला एलएनबी, म्हणजे उपग्रहाचा संदेश टिपणारा डबा. दिशा लावायला होकायंत्र, आणि कोन मोजायला कंपासपेटीतला माझा कोनमापक. त्याला दोरा बांधून खाली नट लटकवला, झाला ओळंबा. काका गच्चीवर, बाबा टीव्हीसमोर, आणि दादा नि मी जिन्यात निरोप्ये. "मुंग्या!" बाबा ओरडायचे. मी दादाला ओरडून सांगायचे, दादा काकांना. काका छत्री बोटभर सरकवायचे. "अजून मुंग्याच!" असा पाऊण तास गेला असेल. मग खालून एकदम काहीच आवाज येईना. मी धावत खाली गेले तर बाबा पडद्याकडे बघत नुसते उभे होते. चित्र आलं होतं, स्वच्छ, आणि ते ओरडायचं विसरले होते.

बोटभराचा एवढा फरक का पडतो, ते बाबांनी त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. ते पानही अजून आहे. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर उपग्रह ठेवला की त्याची फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकीच होते, म्हणून तो आपल्याला एका जागी टांगल्यासारखा असतो. आमचा उपग्रह १०५.५ अंश पूर्व रेखांशावर होता. नाव एशियासॅट-१. बाबांनी तो एका छोट्या डब्यासारखा काढलाय. पुढे खरं चित्र पाहिलं तर तो खरंच डब्यासारखा होता, उभा गोल डबा, बाहेरून सगळा सौरघटांनी मढवलेला आणि स्वतःभोवती गिरक्या घेणारा.

त्या डब्यातून उतरलेल्या एकसष्ट गोष्टींमधली सगळ्यात जास्त पानं 'दगडाची आई'ला आहेत. पाच-सहा ओळींचा नियम मी तिथे मोडलाय, चार पानं लिहिलीत. एका ग्रहाच्या पोटात खाण आहे. खाणकामगार मारले जातायत, पन्नासच्या वर. कुणीतरी दगड विरघळवत भिंतींमधून येतं आणि माणसाला जाळून जातं. जहाजाचा कॅप्टन कर्क आणि त्याचा सोबती स्पॉक खाली उतरतात. खाणीच्या साहेबाच्या टेबलावर एक गुळगुळीत गोळा ठेवलेला असतो, तसे हजारो गोळे खालच्या थरात सापडलेत, बिनकामाचे, कामगारांनी कितीतरी फोडले. स्पॉक तो गोळा हातात घेऊन जरा जास्त वेळ बघतो. त्या वेळी मला काही कळलं नव्हतं. बाबांना कळलं असावं, कारण त्यांनी डोळे उघडले होते.

मग तो प्राणी दिसतो. जाड गोधडी दगडाची असावी, तसा काहीतरी जमिनीलगत सरपटणारा ढीग. पाठीवर जखम. कर्क एकटा त्याच्या समोर सापडतो, शस्त्र रोखतो, आणि तो प्राणी जागीच थांबतो. स्पॉक येतो, त्या दगडी अंगावर हात ठेवतो आणि वेदनेने किंचाळतो. वेदना त्याची नाही, तिची आहे. ती आई आहे. गोळे म्हणजे अंडी. कामगार तिची पोरं फोडत होते. डॉक्टर मॅकॉय येतो, मी गवंडी नाही, डॉक्टर आहे असं चिडून म्हणतो, आणि तरी थापी घेऊन तिच्या जखमेवर सिमेंटसारखं काहीतरी लिंपतो. ती बरी होते.

माझं इंग्रजी तेव्हा फार कच्चं होतं. त्या प्राण्याने दगडावर जाळून तीन शब्द लिहिलेले असतात, 'नो किल आय', आणि जहाजावरचे लोक विचार करत बसतात, की याचा अर्थ मला मारू नका, की मी मारणार नाही? तीच शंका मलाही होती! व्याकरण चुकलेलं ते वाक्य मला पूर्ण समजलं होतं, आणि ते तेवढ्याच मोडक्या भाषेत बोलणारं कुणीतरी सगळ्या विश्वात आहे, याचा मला झालेला आनंद वहीत तीनदा अधोरेखित केलाय. तो प्राणी म्हणजे यानोश प्रोहास्का नावाचा कलाकार होता, स्वतः बनवलेल्या त्या जाड पोशाखात शिरून गुडघ्यांवर रांगणारा. हे कळल्यावर माझं काहीच कमी झालं नाही. उलट वाटलं, त्या गोधडीखालून एक माणूस आईचं दुःख दाखवत होता, चेहरा, हात, डोळे काहीही हाताशी नसताना.

पैसे नव्हते मालिका करणाऱ्यांकडे. दर भागात जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं म्हणून माणसं विरघळवून खाली पाठवायची कल्पना निघाली. विरघळताना दिसणारी ती चमचम म्हणजे ॲल्युमिनियमची पूड, प्रकाशाच्या झोतातून खाली सोडलेली. डॉक्टरच्या हातातली भविष्यातली उपकरणं म्हणजे मिठाच्या बाटल्या, नव्या धाटणीच्या, एका भागात टेबलावर ठेवायला आणलेल्या. त्या मिठाच्या बाटल्या म्हणून कुणाला ओळखूच येईनात, मग त्या दवाखान्यात गेल्या. २००६ पासून या भागांमधली जहाजाची आणि ग्रहांची दृश्यं संगणकावर नवी करून घातली आहेत. मी दोन्ही पाहिली. मला जुनीच हवीत. मूळ जहाजाचं मोठं मॉडेल अकरा फुटांचं आहे, वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात ठेवलंय. अकरा फूट! आमच्या छत्रीपेक्षा फूटभर मोठं. कुणीतरी हाताने घडवलेल्या वस्तूवर दिवा टाकला की तिची सावली तिच्याच अंगावर पडते, आणि ती सावली मला त्या मुंग्यांतूनसुद्धा दिसायची.

आता ते 'परत सोडलेलं जहाज'.

कॉलेजात असताना एका विज्ञान मासिकात मी एशियासॅट-१ ची जन्मकथा वाचली आणि ते पान घेऊन तडक बाबांकडे गेले. आमचा उपग्रह मुळात एशियासॅट नव्हताच. त्याचं पहिलं नाव वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानाने त्याला अवकाशात नेलं आणि सोडलं. तिथून त्याला वरच्या कक्षेत ढकलायची मोटर काही क्षणांतच बंद पडली आणि तो खालीच भलत्या कक्षेत फिरत राहिला, कुणाच्याही कामाचा नसलेला. त्याच फेरीत सोडलेल्या पालापा-बी-२ या इंडोनेशियाच्या उपग्रहाचंही तेच झालं.

नऊ महिन्यांनी, नोव्हेंबर १९८४ मध्ये, डिस्कव्हरी यान त्या दोघांना आणायला गेलं. जो ॲलन आणि डेल गार्डनर पाठीवर उडायचे संच बांधून मोकळ्या अवकाशात गेले. एक लांब दांडा उपग्रहाच्या मोटरच्या नळीत घालायचा, त्याचं गिरक्या घेणं थांबवायचं, आणि त्याला यानाकडे आणायचं. पालापाच्या वेळी त्याला धरून ठेवायची चौकट बसेना. मग ॲलनने तो उपग्रह डोक्यावर नुसत्या हातांनी धरून ठेवला, सुमारे दीड तास, म्हणजे पृथ्वीला अख्खी एक प्रदक्षिणा होईपर्यंत. यानाचा यांत्रिक हात ॲना फिशर चालवत होती. दोन दिवसांनी गार्डनरने वेस्टार आणला. काम झाल्यावर त्याने अवकाशात हातात पाटी धरून फोटो काढून घेतला: 'विकणे आहे'.

आणि तो विकला गेला. पृथ्वीवर आणून दुरुस्त केला, नवं नाव दिलं, आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या शिचांग तळावरून लाँग मार्च-३ रॉकेटने परत सोडला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगहून सुरू झालेल्या स्टार टीव्हीच्या वाहिन्या त्याच्यावरून आल्या. म्हणजे माझी मालिका पुनःप्रक्षेपित होती आणि ती ज्याच्यावरून यायची तो उपग्रहही पुनःप्रक्षेपित होता. एकदा सोडलेला, हरवलेला, माणसाच्या हाताने धरून आणलेला, पुन्हा सोडलेला.

बाबांनी ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, "हे आपल्याला तेव्हा माहीत असतं तर मी छत्री आणखी नीट लावली असती."

त्या मासिकात नसलेला एक धागा मला नंतर मिळाला, आणि तो मला सगळ्यात जवळचा आहे. जहाजावरची दळणवळण अधिकारी उहुरा, म्हणजे निशेल निकोल्स. १९७७ मध्ये तिने नासासाठी देशभर फिरून स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करा म्हणून सांगितलं. जानेवारी १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ जणांच्या तुकडीत पहिल्यांदाच सहा स्त्रिया होत्या, पहिले कृष्णवर्णीय अंतराळवीर होते. वेस्टारला सोडून आलेल्या चॅलेंजरवर त्या तुकडीतला रॉन मॅकनेअर होता. वेस्टारला परत आणणाऱ्या डिस्कव्हरीवर त्याच तुकडीतली ॲना फिशर होती. मॅकनेअर २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजरच्या अपघातात, त्या यानाबरोबरच गेला. मी जून १९९२ मध्ये पहिल्यांदा उहुराला कानातलं यंत्र नीट करत "कॅप्टन, संदेश येतोय" म्हणताना पाहिलं, तेव्हा तो संदेश माझ्यापर्यंत आणणारा उपग्रह यांनी सांभाळलेला होता.

मालिकेचंही तसंच आहे. तिचा पहिला नमुना-भाग वाहिनीने नाकारला, बुद्धीला फार ताण देतो म्हणून. दुसरा करायला लावला. नाकारलेल्याची रिळं वाया घालवायची नाहीत म्हणून तीच पुढे एका दोन भागांच्या कथेत, स्पॉकवरच्या खटल्यात पुरावा म्हणून, जहाजाच्याच पडद्यावर दाखवली. म्हणजे पुनःप्रक्षेपण मालिकेच्या पोटातच आहे! दुसऱ्या वर्षी ती बंद पडणार अशी चिन्हं दिसली तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरं वर्ष मिळवलं. पण वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची, आणि ३ जून १९६९ ला शेवटचा नवा भाग लागला. माणूस चंद्रावर उतरायला तेव्हा जेमतेम दीड महिना होता.

एकूण भाग ७९. रोज एक, सोमवार ते शुक्रवार, लावले तर सोळा आठवडे पुरतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेतल्या स्थानिक टीव्ही केंद्रांनी नेमकं हेच केलं, संध्याकाळच्या वेळी, जेव्हा मुलं घरी असतात. मालिका मोठी झाली ती बंद पडल्यावर. प्रत्येक गोष्ट त्याच भागात संपणारी होती, म्हणून क्रम विसकटला तरी बिघडत नव्हतं. वीज गेली, ताप आला, परीक्षा आली, चार भाग बुडले, तरी पाचव्यात बिनधास्त शिरता यायचं. हल्लीच्या मालिकांना हे चालत नाही, एक भाग चुकला की माणूस बाहेर. मला ती जुनी रीत जास्त उदार वाटते. दार कायम उघडं, कधीही या, बसा.

पण कधीतरी नेमका शेवटच बुडतो.

वहीतली ३४ वी गोष्ट, 'रस्त्यापलीकडची बाई'. ऑक्टोबर १९९२. मॅकॉय औषधाच्या झटक्यात भूतकाळात पळून जातो आणि तिथे काहीतरी असं करतो की सगळा पुढचा इतिहासच पुसला जातो. त्याला शोधायला कर्क आणि स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये. तिथे एडिथ नावाची बाई गरिबांसाठी अन्नछत्र चालवते. कर्कचं तिच्यावर प्रेम बसतं. स्पॉकला मिळेल त्या तारा आणि दिवे जोडून केलेल्या यंत्रातून कळतं, की एडिथचा अपघातात मृत्यू व्हायला हवा. ती जगली तर तिची शांततेची चळवळ वाढेल, अमेरिका युद्धात उशिरा उतरेल, आणि हिटलर जिंकेल. शेवटचं दृश्य. रस्ता. मॅकॉय सापडतो, तिघं आनंदाने भेटतात, एडिथ रस्ता ओलांडायला निघते...

आणि पडद्यावर मुंग्या. आधी थोड्या, मग सगळा पडदा पांढरा, नुसता खरखराट. मी ओरडले. दादा गच्चीवर धावला. छत्री जागच्या जागी होती, वारा नव्हता, वायर घट्ट होती. काही मिनिटांनी आपोआप चित्र परत आलं, तेव्हा नावं सरकत होती.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाबा मला गच्चीवर घेऊन गेले. "टीव्ही राहू दे आज," म्हणाले. छत्रीसमोर उभं केलं आणि जाळीकडे बघायला सांगितलं. एलएनबीची सावली जाळीवर पडली होती, एका बाजूला, हाताच्या पंजाएवढी. ती हळूहळू सरकत होती. आम्ही बोललो नाही. सावली इंच इंच मधल्या गोल पत्र्याकडे गेली आणि बरोब्बर त्याच्यावर जाऊन बसली. त्याच क्षणी खालून दादाचा आवाज आला, "मुंग्या!"

बाबा म्हणाले, "आता सूर्य, उपग्रह आणि आपली छत्री एका रेषेत आहेत. उपग्रहाचा आवाज बारीक असतो. सूर्य त्याच्या पाठीमागे येऊन उभा राहिला, की त्याच्या गलबल्यात तो बुडतो." वर्षातून दोनदा, चार-सहा दिवस, दिवसाकाठी काही मिनिटं. सावली पत्र्यावरून दुसऱ्या बाजूला उतरली तसा दादा ओरडला, "आलं!"

मी वहीत ३४ व्या गोष्टीखाली चार ओळी लिहिल्या आणि पाचवी कोरी सोडली. शाळेत जाताना, झोपताना मी तो शेवट मनात कितीदा तरी केला. माझ्या शेवटात कर्क धावत जायचा आणि एडिथला ओढून घ्यायचा. इतिहासाचं काय करायचं, ते स्पॉक बघेल. एवढा हुशार आहे, काढेल काहीतरी मार्ग. दादाला विचारलं तर तो म्हणाला, "वाचवणारच. हीरो आहे तो." बाबांना विचारलं तर बाबा काही बोलले नाहीत.

फेब्रुवारीत तो भाग परत लागला. बाबांची रात्रपाळी होती, ते खुर्चीत होते. रस्ता आला. मॅकॉय भेटला. एडिथ रस्त्यावर उतरली. समोरून ट्रक. कर्क पुढे होतो, स्पॉक त्याला थांब म्हणतो, आणि तो थांबतो. मॅकॉय तिला वाचवायला धावतो तर कर्क त्यालाच मिठी मारून घट्ट धरतो, डोळे मिटून. ब्रेकचा आवाज, किंकाळी. मॅकॉय म्हणतो, मी वाचवू शकलो असतो तिला, काय केलंस ते कळतंय का तुला? स्पॉक हळू आवाजात सांगतो, की त्याला कळतंय, डॉक्टर.

बाबांचे डोळे उघडे होते. मी वही आणली, ३४ वी गोष्ट काढली. निळं पेन सापडेना म्हणून पाचवी ओळ हिरव्याने लिहिली आहे: 'धरून ठेवलं.'